इमारतीला आजार होतो का?

दुपारचे तीन वाजले की डोके जड होऊ लागते. डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो, नाक चोंदल्यासारखे वाटते आणि कामातले लक्ष उडते. ताप नसतो. डॉक्टरांना दाखवावे तर रक्तदाब ठीक, रक्ताची तपासणीही ठीक. संध्याकाळी माणूस कार्यालयाबाहेर पडतो आणि तास-दीड तासात त्याला हुशारी वाटू लागते. रविवारी तर तो ठणठणीत असतो. सोमवारी दुपारी पुन्हा तेच.

अशी तक्रार एकट्याची असेल तर आपण म्हणतो, झोप कमी झाली असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. वरिष्ठांना वाटते, कामाचा कंटाळा आला असेल. पण एकाच मजल्यावरच्या चाळीसपैकी वीस-पंचवीस जण हेच सांगू लागले तर काय म्हणायचे? माणसे बदलली, काम तेच राहिले, तरी तक्रार त्या मजल्यावर कायम असेल तर?

या प्रकाराला 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' असे नाव आहे. मराठीत आपण त्याला 'आजारी इमारतीचा लक्षणसमूह' म्हणू. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली. नव्या किंवा नूतनीकरण केलेल्या इमारतींपैकी ३० टक्क्यांपर्यंत इमारतींतून अशा तक्रारी प्रमाणाबाहेर येत असाव्यात, असा अंदाज संघटनेच्या एका समितीने १९८४ च्या अहवालात मांडला. 'समूह' हा शब्द महत्त्वाचा आहे. येथे एक जंतू, एक विष, एक निदान असे काही नसते. असतो तो लक्षणांचा गट आणि एक खूण: इमारतीत गेल्यावर त्रास वाढतो, बाहेर पडल्यावर ओसरतो.

मग दोष कोणाचा? हवेचा, इमारतीचा, की माणसाच्या मनाचा? गेल्या चार-पाच दशकांत शास्त्रज्ञांनी हा प्रश्न कसकसा सोडवत आणला, ते या लेखात आम्ही सांगणार आहोत. प्रश्न वरवर दिसतो तितका लहान नाही, कारण तक्रार करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

आधी एक भेद

जुलै १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर अनेकांना तीव्र न्यूमोनिया झाला. हॉटेलात उतरलेले आणि त्याच्या आसपास वावरलेले मिळून २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड यांनी रोगकारक जीवाणू शोधून काढला. त्याला लीजिओनेला असे नाव मिळाले. हा जीवाणू कोमट पाण्यात वाढतो. वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून तो फुप्फुसांत पोचू शकतो.

हा इमारतीमुळे झालेला रोग खरा, पण आपल्या विषयाहून वेगळा. येथे जंतू सापडतो, क्ष-किरण चित्रात डाग दिसतो, आणि रुग्ण घरी गेला म्हणून बरा होत नाही. आजारी इमारतीच्या लक्षणसमूहात यांपैकी काहीच दाखवता येत नाही. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे जाते.

खिडक्या कशा बंद झाल्या?

बंद खोलीतील हवा 'कोंदट' होते म्हणजे नेमके काय होते, याचे मोजमाप करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी केला. १८५८ मध्ये त्यांनी सुचवले की खोलीतील कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत १,००० भागांच्या वर जाऊ देऊ नये. एवढा वायू स्वतः विषारी असतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणसांच्या श्वासातून आणि शरीरांतून आणखी बरेच काही हवेत मिसळते, ते मोजणे कठीण असते. कार्बन डायऑक्साइड मात्र मोजता येतो, म्हणून तो हवा किती 'वापरलेली' आहे याचा दर्शक, असा त्यांचा विचार होता. आजही तो तसाच वापरला जातो.

विसाव्या शतकात अमेरिकेत इमारतींसाठी दर माणशी मिनिटाला सुमारे १५ घनफूट बाहेरची हवा असा संकेत होता. हे प्रमाण सेकंदाला ७ लिटर पडते. १९७३ मध्ये तेलसंकट आले. बाहेरची हवा आत घेतली की ती थंडीत तापवावी आणि उन्हाळ्यात गार करावी लागते, त्याला इंधन लागते. म्हणून हे प्रमाण ५ घनफुटांवर, म्हणजे सेकंदाला सुमारे २.४ लिटरवर आणले गेले. खिडक्या कायमच्या बंद झाल्या, फटी बुजवल्या गेल्या, आणि तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवली जाऊ लागली.

याचा परिणाम गणिताने पाहू. खुर्चीत बसून काम करणारा प्रौढ माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. त्याच्या वाट्याला सेकंदाला २.४ लिटर, म्हणजे तासाला ८,६४० लिटर बाहेरची हवा येत असेल, तर काही वेळाने खोलीतील कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा १८ भागिले ८,६४० इतका, म्हणजे दहा लाखांत सुमारे २,१०० भागांनी वाढून स्थिरावेल. बाहेरच्या हवेत तो आज ४२० भागांहून थोडा अधिक आहे. बेरीज झाली सुमारे २,५००. पेटेनकोफर यांच्या मर्यादेच्या अडीचपट. हेच प्रमाण सेकंदाला ७ लिटर धरले तर उत्तर सुमारे १,१३५ येते आणि १० लिटर धरले तर ९२०.

१९८९ मध्ये वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संघटनेने आपले मानक बदलले आणि कार्यालयांसाठी दर माणशी मिनिटाला २० घनफूट हवा सुचवली. मधली सोळा वर्षे मात्र बंद काचांच्या असंख्य इमारती उभ्या राहण्यात गेली होती.

गालिचे आणि उघडी कपाटे

हवा अपुरी पडत होतीच, त्याच वेळी तिच्यात मिसळणारे पदार्थही वाढत होते. लाकडाच्या भुशापासून केलेल्या फळ्या आणि प्लायवुड यांच्या सरसातून फॉर्माल्डिहाइड सुटतो. रंग, व्हार्निश, गालिच्यांचा चिकटवा, फरशी पुसण्याची रसायने यांतून सहज उडून जाणारी सेंद्रिय संयुगे हवेत येतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक विचित्र योग जुळून आला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वॉशिंग्टनमधील मुख्यालयातच नवे गालिचे अंथरल्यानंतर कर्मचारी आजारी पडू लागले. ज्यांच्याकडे देशाने प्रदूषणाच्या तक्रारी न्यायच्या, तेच तक्रारदार झाले!

त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये स्कोव आणि वाल्ब्योर्न यांनी कोपनहेगन परिसरातील १४ नगरभवने आणि त्यांच्याशी संलग्न १४ इमारती तपासल्या. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत दोन साध्या कल्पना होत्या. खोलीतील गालिचे, पडदे, कापडी आच्छादने यांचे एकूण क्षेत्रफळ भागिले खोलीचे घनफळ, हा झाला 'लोकर गुणक'. उघड्या फळ्यांची एकूण लांबी भागिले खोलीचे घनफळ, हा 'फळी गुणक'. हे गुणक जेथे मोठे, तेथे डोळे-नाक-घशाच्या आणि डोकेदुखी-थकव्याच्या तक्रारी अधिक आढळल्या. कारण समजण्यासारखे आहे. कापड आणि उघडे कागद धूळ धरून ठेवतात, वायू शोषतात आणि सावकाश परत सोडतात. एका खोलीत बसणाऱ्यांची संख्या, जमिनीवरील धूळ, कार्बनपेपरविना प्रती काढणारा रासायनिक कागद हाताळणे, संगणकाच्या पडद्यासमोरचे काम, यांचाही तक्रारींशी संबंध दिसला.

डेन्मार्कचेच प्राध्यापक ओले फांगर यांनी याहून पुढची गोष्ट दाखवली. त्यांनी परीक्षक म्हणून माणसांची नाके वापरली. बाहेरून नुकत्याच आत आलेल्या माणसाला हवा कशी वाटते, हे त्यांनी विचारले. कारण आत बसलेल्यांचे नाक काही मिनिटांत सरावते. १९८८ मध्ये त्यांनी 'ओल्फ' हे एकक मांडले. एक ओल्फ म्हणजे एका सर्वसाधारण माणसामुळे होणारे हवेचे प्रदूषण. कोपनहेगनमधील वीस इमारतींत त्यांना आढळले की माणसांपेक्षा सामान, धूम्रपान आणि खुद्द वायुवीजन यंत्रणा यांतून होणारे प्रदूषण कितीतरी अधिक होते. हवा शुद्ध करण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेच्या गाळण्या आणि नळ्याच मळलेल्या होत्या.

कोणाला त्रास अधिक?

१९८७ मध्येच ब्रिटनमध्ये बर्ज आणि सहकाऱ्यांनी ४२ इमारतींतील ४,३७३ कार्यालयीन कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. कामाच्या जागी मरगळ येते असे ५७ टक्के, नाक चोंदते असे ४७ टक्के, घसा कोरडा पडतो असे ४६ टक्के आणि डोके दुखते असे ४३ टक्के लोकांनी सांगितले. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींपेक्षा वातानुकूलित इमारतींत तक्रारी अधिक होत्या. इथवर नवल नाही.

पण तक्त्यात आणखी एक गोष्ट होती. एकाच प्रकारच्या इमारतींत अधिकाऱ्यांपेक्षा कारकून आणि टंकलेखक यांना त्रास अधिक होता, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. हवेला हुद्दा कळत नाही. मग असे का व्हावे? अधिकाऱ्याची खोली वेगळी असते, खिडकी त्याच्या हाताशी असते, कंटाळा आला तर तो उठून बाहेर जाऊ शकतो. कारकून दालनाच्या मध्यावर बसतो आणि पंख्याचे बटणही त्याच्या ताब्यात नसते. हे एक स्पष्टीकरण. दुसरे स्पष्टीकरण काहींनी पटकन पुढे केले: 'म्हणजे हे सगळे मनाचे खेळ आहेत!'

पडद्यामागचा गालिचा

मनाचे खेळ की खरा परिणाम, हे ठरवण्याची विज्ञानाची जुनी युक्ती म्हणजे माणसाला कळू न देता परिस्थिती बदलणे.

१९९९ मध्ये पावेल वार्गोत्स्की आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये ती वापरली. एका कार्यालयासारख्या खोलीत तीस तरुणी सहा-सहाच्या गटांनी साडेचार तासांच्या आसपास काम करत बसल्या. आडपडद्यामागे कधी वीस वर्षे वापरलेला एक जुना गालिचा ठेवलेला असे, कधी नसे. तापमान, आर्द्रता, हवेचा पुरवठा सारखाच. पडद्यामागे काय आहे हे काम करणाऱ्यांना दिसत नव्हते. गालिचा असताना डोकेदुखीची तक्रार वाढली आणि टंकलेखनाचा वेग ६.५ टक्क्यांनी उतरला. या तरुणींना छळणारा साहेब तेथे नव्हता, नोकरीची चिंताही नव्हती. बदलली होती ती फक्त हवा.

कॅनडात माँट्रियल येथे डिक मेंझीस यांच्या गटाने १९९३ मध्ये चार कार्यालयांत बाहेरच्या हवेचा पुरवठा गुपचूप कमीजास्त करून पाहिला. दर माणशी मिनिटाला २० घनफुटांवरून तो ५० पर्यंत नेला, तरी तक्रारींत फरक पडला नाही. म्हणजे हवा एका मर्यादेपर्यंत पुरेशी झाली की नुसती वाढवून भागत नाही. याच गटाने २००३ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणेतील ओलसर भागांवर जंतुनाशक अतिनील दिवे बसवले. ते चार आठवडे चालू आणि बारा आठवडे बंद, असे चक्र वर्षभर चालले. दिवे केव्हा चालू असतात हे ७७१ कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते. ज्या पृष्ठभागांवर प्रकाश पडत होता तेथील जंतूंचे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटले आणि दिवे चालू असताना तक्रारी सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्या.

तेव्हा हवेचा परिणाम खरा आहे. पण २० टक्केच का? उरलेले काय?

व्हाइटहॉलची साक्ष

२००६ मध्ये लंडनच्या सरकारी नोकरांवरील प्रसिद्ध 'व्हाइटहॉल' अभ्यासातून एक उत्तर आले. ४४ इमारतींतील ४,०५२ कर्मचारी, वय ४२ ते ६२. सात पुरुषांत एकाला आणि जवळजवळ पाच स्त्रियांत एकीला पाच किंवा अधिक लक्षणे होती. इमारतींची तपासणी स्वतंत्रपणे झाली होती. दोन्ही ताडून पाहता इमारतींच्या बहुतेक भौतिक गुणदोषांशी लक्षणांचा लक्षणीय संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो कामाचा ताण आणि वरिष्ठ-सहकाऱ्यांकडून मिळणारा आधार यांच्याशी. भौतिक बाबींपैकी एक गोष्ट मात्र टिकून राहिली: आपल्या जागेची उष्णता, प्रकाश, हवा स्वतःला बदलता येते की नाही. 'आजारी इमारत' हे नावच कदाचित चुकीचे असावे, असे या संशोधकांनी म्हटले.

मग डेन्मार्कचा गालिचा खोटा की लंडनचा तक्ता? आमच्या मते दोन्ही खरे आहेत. डोके दुखणे ही एकाच कारणाची पावती नसते. उपाशीपोटी चढ चढणाऱ्याला धाप लागते, तेव्हा तिचे कारण चढ की उपास, असे विचारून निवाडा होत नाही. मळकी हवा हा एक भार, घाईचे काम हा दुसरा, आणि 'सांगून उपयोग नाही' ही भावना तिसरा. हे भार एकाच शरीरावर पडतात. पहिल्या ब्रिटिश पाहणीतील कारकुनाच्या वाट्याला बहुधा तिन्ही आले होते. त्याच्या त्रासाला 'मनाचे खेळ' म्हणणे जितके चूक, तितकेच भिंतीवर एक यंत्र टांगून 'हवा ठीक आहे' असे सांगणेही चूक.

आपल्याकडे

आपली जुनी कार्यालये आणि शाळा उंच छताच्या, समोरासमोर खिडक्यांच्या आणि दारांवर झरोके असलेल्या होत्या. त्यांची वायुवीजन यंत्रणा म्हणजे वारा. त्यांचा दोष दुसरा होता: लाल कापडात बांधलेली दप्तरे भिंतभर उघड्या फळ्यांवर. डेन्मार्कचा फळी गुणक येथे काढला तर तो बराच मोठा येईल.

आता मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत कार्यालये वातानुकूलित होत आहेत, आणि येथे एक गैरसमज पसरला आहे. भिंतीवर बसवायचा सर्वसाधारण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. दारे-खिडक्या लावून दहा माणसे अशा खोलीत बसली तर त्यांना गार हवा मिळते, ताजी मिळत नाही. कोविडच्या साथीनंतर हा मुद्दा पुढे आला. १ मार्च २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत जागतिक आरोग्य संघटनेने घरे व रुग्णालये सोडून इतर इमारतींसाठी दर माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा सुचवली.

खिडकी उघडण्यातही अडचण असतेच. रहदारीच्या रस्त्यावर खिडकी उघडली की धूर आणि धूळ आत येते. अशा वेळी रस्त्यापासून दूरच्या बाजूची खिडकी उघडणे, गर्दीची वेळ टाळून सकाळी हवा खेळवणे, गाळण्या वेळेवर धुणे किंवा बदलणे, असे मधले मार्ग काढावे लागतात. कुंड्या ठेवून मात्र हे काम होत नाही. १९८९ च्या नासाच्या अहवालानंतर 'हवा शुद्ध करणारी झाडे' ही कल्पना लोकप्रिय झाली. पण ते प्रयोग छोट्या बंद पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेतला गेला तेव्हा दिसले की साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील. झाडे अवश्य लावावीत, डोळ्यांना बरे वाटते. खिडकीच्या ऐवजी नव्हेत.

वर्गात करण्याजोगे

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना पुढील तीन गोष्टी सहज करता येतील.

एक: वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच, विद्यार्थी ६०, आणि प्रत्येक जण तासाला १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो असे धरा. सर्व दारे-खिडक्या घट्ट बंद असतील तर ४० मिनिटांच्या तासिकेत हवेतील प्रमाण कितीने वाढेल? (उत्तर: दहा लाखांत सुमारे ३,५०० भाग.) पावसाळ्यात खिडक्या लावून घेतल्यावर शेवटच्या तासिकेला मुले का पेंगतात, यावर चर्चा करता येईल.

दोन: शिक्षक-खोली, ग्रंथालय आणि कार्यालय यांचे लोकर गुणक आणि फळी गुणक काढून तुलना करा. त्यासाठी मोजपट्टी पुरते.

तीन: एक छोटी प्रश्नावली तयार करा. गेल्या चार आठवड्यांत डोळे चुरचुरणे, घसा कोरडा पडणे, डोके दुखणे, मरगळ यांपैकी काय झाले? आठवड्यातून किती वेळा? शाळेबाहेर गेल्यावर बरे वाटते का? आपण कोठे बसता? जवळची खिडकी वा पंखा आपल्याला हवा तेव्हा वापरता येतो का? नाव लिहू देऊ नका, आणि आपला संशय कशावर आहे ते आधी सांगू नका. नाही तर उत्तरे त्याच दिशेने झुकतात. शिपाई, लिपिक, शिक्षक, मुख्याध्यापक सर्वांना तेच प्रश्न विचारा आणि उत्तरे खोलीच्या नकाशावर बसण्याच्या जागेप्रमाणे मांडा.

नकाशावर ठिपके एका कोपऱ्यात दाटले तर तो कोपरा तपासा: ओल, धूळ, बंद झरोका, झेरॉक्स यंत्र. ठिपके जागेप्रमाणे न दाटता कामाप्रमाणे दाटले तर त्या कामाचा विचार करा. मग एकच बदल करा, तोही स्वस्तातला. अडकलेली खिडकी मोकळी करा, फळ्यांना दारे लावा, पंख्याचे बटण बसणाऱ्याच्या हाताशी आणा. महिन्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्या. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी सूचनाफलकावर लावावेत, म्हणजे ज्यांनी उत्तरे दिली त्यांनाही ती कोणी वाचली हे कळेल.